गाभाऱ्यावरचे छप्पर

खाजणवाडी, ता. मालवण
२४ ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप भावोजी,

काल बाबली तांडेलाच्या मचव्यातून उतरलेले सामान असे. पितळी पंप एक, लाकडी फळीवर बसवलेला, दोन बाजूंना दोन दांडे, रुपये नव्वद. कॅनव्हासची नळी, जुनी, दोन ठिकाणी ठिगळ, रुपये अठरा. पितळी तोटी, सहा. चामड्याचे वायसर सहा नग, दीड रुपया. मचव्याचे भाडे बाबलीने घेतले नाही म्हणून त्याच्या घरी पाच नारळ पोचते केले. एकूण एकशे पंधरा रुपये पन्नास नवे पैसे, नारळ वेगळे. सगळे सोलांचे आणि सुपारीचे साठवलेले, कोणाचे उसने नाही.

घरात नवीन वस्तू आली की ती घरच्या मोठ्याच्या कानावर घालावी, ही मामंजींच्या वेळची रीत. म्हणून लिहिते. जाऊबाई असत्या तर त्यांनाच लिहिले असते आणि त्यांनी आपल्याला वाचून दाखवले असते; थोरल्या दिरांना थेट पत्र घालण्याचे धाडस मला करावे लागले नसते. चार वर्षांत तीन पत्रे घातली. उत्तर नाही, पण परतही आली नाहीत, तेव्हा मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीवर ती आपल्याला मिळत असावीत असे धरून चालते.

पंप बोटीच्या भंगारातला आहे. बोटीची फळी धुवायला आणि आग लागली तर विझवायला तो वापरीत, असे बाबली सांगतो. दोघांनी समोरासमोर उभे राहून दांडे खालीवर करायचे आणि तिसऱ्याने तोटी धरायची. पाणी पिंपात भरून ठेवले की पंप ते ओढून घेतो. जोर एवढा, की तुळशीवृंदावनावरचे जे शेवाळ मी दर दिवाळीला काथ्याने घासून बोटे सोलवटून घेते, ते माझी आरती म्हणून होईपर्यंत निघून गेले. खालचा चिरा लाल दिसू लागला. मी लग्न होऊन आले तेव्हा दिसला होता तसा.

हे ज्या मचव्यावर जात तो विकला गेल्यापासून घरीच आहेत. ह्यांचा विचार असा, की पावसाळा सरला म्हणजे गावोगाव चिऱ्याच्या भिंती, पायऱ्या, विहिरींचे कठडे हिरवेकाळे होतात आणि लोक शेवाळावरच चुना फासतात. ते धुऊन द्यायचे. होड्यांचे, मचव्यांचे तळ धुवायचे. शेजारचा धोंडू कुंपणापलीकडून पाहत होता. म्हणाला, "सहदेवा, शिगमो अजून लांब आसा, पिचकारी आताच काढलंस?" ह्यांनी त्यालाच दांड्यावर रोजाने ठेवला.

पंपाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. तो आपल्या हातून फुटायचा. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर लिहिल्यास माझ्या नावे घालावे.

सत्यवतीचा नमस्कार.


खाजणवाडी
१७ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप भावोजी,

दिवाळी आटोपली. कामे मिळत गेली, त्यामुळे लिहायला उशीर झाला.

पहिले काम विठोबा गुरवांच्या आईचे, गोदूबाईंचे. स्वतःच्या दारच्या पायऱ्यांवरून त्या श्रावणात घसरल्या आणि तेव्हापासून उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत नव्हत्या. पायऱ्या धुऊन झाल्यावर काठी टेकत खाली उतरल्या, वर चढल्या, परत उतरल्या. पैशांचे विचारले तर म्हणाल्या, "देवळातलो नारळ देतंय. पैशे झिलाकडे माग." झिलाने, म्हणजे विठोबाने, ऐकलेच नाही. मी वहीत गोदूबाईंचे नाव लिहून रकमेच्या जागी 'आशीर्वाद' असे लिहिले.

दुसऱ्या कामात फजिती झाली. बाजारातल्या गणपतशेटींच्या भिंतीवर ह्यांनी तोटी अगदी जवळून धरली. शेवाळाबरोबर चुना उतरला, चुन्याबरोबर मातीही. गणपतशेट हात बांधून उभे होते. म्हणाले, "भिंत धुवक सांगललंय मी. सोलूक नाय." तेवढा भाग लिंपून, चुना काढून दिला. तेव्हापासून चार हात लांब उभे राहायचे, धार तिरकी सोडायची आणि आधी कोपऱ्यात मारून पाहायची, असे ठरले. धंदा कोणताही असो, शिकण्याचा खर्च धरावाच लागतो.

दांड्याच्या एका बाजूला धोंडू आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको यशोदा. त्यांचे भांडण आणि दांडा एकाच ठेक्यात चालतात. "गो, जोर काढ." "माझो जोर काढून काढूनच तू इतको वाढलंस." भांडण मिटले की धार मंदावते. मग हे मध्येच काहीतरी बोलून पुन्हा पेटवून देतात. इतके बोलताना मी ह्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच पाहते आहे.

आता मुख्य गोष्ट. काल देवस्थानच्या वतीने भाई गावकर ओटीवर येऊन बसले. मार्गशीर्षातल्या जत्रेपूर्वी आई सातेरीचे देऊळ धुऊन हवे आहे. दीपमाळ, पायऱ्या, सभामंडपाच्या भिंती, वरचे छप्पर आणि गाभाऱ्यावरचे छप्परसुद्धा. गाभाऱ्याचे नाव निघताच हे उठून गोठ्यात गेले.

आपल्याला मी काय सांगावे, पण लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. आई सातेरी म्हणजे गाभाऱ्यातले वारूळच. त्याच्या माथ्यावर माणसाने पाय ठेवायचा नाही. ठेवायचा तो वर्षातून एकदा, शाकारणीच्या दिवशी, नळे सारखे करायला, उपास करून, ओल्या धोतराने, आणि तोही आपल्या घरच्या मोठ्यानेच. चार वैशाख झाले, तो मोठा मुंबईत आहे. छपराचे मातीचे नळे सरकले आहेत, त्यांवर बोटभर शेवाळ आहे आणि पन्हळीपाशी पिंपळाचे रोप आले आहे. भाईंचे म्हणणे असे, की आता पंप असताना चढायचे कशाला? खाली जमिनीवर उभे राहून धुता येईल. देवीच्या माथ्यावर पाय पडणार नाही आणि कोणाच्या मानालाही धक्का लागणार नाही.

गोठ्यातून परत आल्यावर ह्यांनी एवढेच विचारले, की धार तिथवर पोचेल ना. पोचते, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

आपली हरकत असल्यास कळवावे. भाई आठ दिवस थांबतील. काही न आल्यास हरकत नाही असे समजतील.

सत्यवतीचा नमस्कार.


खाजणवाडी
१२ डिसेंबर १९५८

तीर्थरूप भावोजी,

आपले काही आले नाही, म्हणून काम धरले. झालेही.

दीपमाळ ओळखू येत नाही. तिच्या बैठकीवर एक हत्ती कोरलेला आहे, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. तो शेवाळाखालून निघाला. बायका त्यालाही हळदकुंकू लावून जातात. सभामंडपाच्या छपरावर धोंडू चढला आणि आढ्यावरून खाली धार सोडत आला. सगळे नळे तांबडे झाले. गाभाऱ्याचेही झाले.

पंप सध्या खोपीत ठेवला आहे. वायसर झिजले आहेत.

सोमवारचा उपास माझा, पण दोन दिवस जेवत नाहीत ते हे. पोट बरे नसावे. ओव्याचे पाणी दिले. यशोदाही रोजाला येत नाही. तिची तिकडे काही कामे निघाली असतील. नारळ पाडले. सुपारी अजून ओली आहे.

जत्रा २५ तारखेला. येणे होईल काय? गोदूबाई विचारीत होत्या.

सत्यवतीचा नमस्कार.


खाजणवाडी
२८ डिसेंबर १९५८

तीर्थरूप भावोजी,

मागच्या पत्रात वायसर झिजल्याचे लिहिले होते. वायसर धड आहेत. घरातली गोष्ट पत्रातून बाहेर जाऊ नये म्हणून तसे लिहिले, पण आपण घरचेच आहात आणि आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

गाभाऱ्यामागच्या जमिनीवर हे तोटी धरून उभे राहिले. हे स्वतः उपाशी, अंगावर ओले धोतर, जणू वर चढायचेच आहे. पाणी देवळाच्या तळीतले. देवीचे काम म्हणून धोंडू आणि यशोदा त्या दिवशी अक्षरही बोलले नाहीत, आणि भांडणाशिवाय पहिल्यांदाच दांडा इतक्या जोरात चालला. शेवाळ गोळ्यागोळ्यांनी खाली आले. सगळ्यांनी हात जोडले.

चूक काय झाली ते घरी येऊन कोरड्या डोक्याने विचार केला तेव्हा समजले. पाणी वरून खाली आले तर नळ्यांच्या पाठीवरून वाहून जाते. खालून वर मारले तर नळ्यांच्या पोटात शिरते. वारा उलटा झाला की आपल्या पडवीत पाऊस येतो तो असाच. हे धोंडूलाही कळते. म्हणूनच सभामंडपावर तो वर चढला होता. पण गाभाऱ्यावर चढायचे नाही म्हटल्यावर कोणाच्या मनातच आले नाही. देवीच्या माथ्यावर पाय पडू नये म्हणून सगळे इतके जपले, की पाणी कुठे पडते आहे ते कोणी पाहिले नाही.

दिवेलागणीला विठोबा गुरवांनी गाभारा उघडला तेव्हा आत पाणी ठिबकत होते. वारुळाचा उजवा खांदा खचला होता आणि माती समईपर्यंत वाहत आली होती. वर चार नळे फुटले होते. विठोबा बाहेर आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "सहदेवा, तू घराक जा. मी हयसर बसतंय." रागावले नाहीत. कोणीच रागावले नाही. रागावले असते तर ह्यांना बरे वाटले असते असे मला वाटते.

छपराखालून माडाच्या झावळ्यांचे झाप बांधून जत्रा पार पडली. दुसऱ्या दिवशी कौल लावला. मी बायकांत खांबाशी उभी होते. विठोबांनी पाषाणाला दोन बाजूंना फुलाच्या कळ्या लावल्या आणि भाईंनी गाऱ्हाणे घातले, "बा आई सातेरी, तुझ्या लेकराच्या हातसून जा काय चुकला माकला, ता पोटात घाल आणि वाट दाखव." आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. ह्यांचा आवाज मला त्यात ऐकू आला नाही.

पहिले विचारले, पंपामुळे आईचा कोप झाला काय. डावी कळी पडली, म्हणजे नाही. मग विचारले, शाकारणीचा मान वरच्या वाडीतल्या घराला द्यावा काय. दोन्ही कळ्या जागच्या जागी. मग, ह्याच घरातल्या धाकट्याने चढावे काय. त्याही तशाच. समईत दोनदा तेल घातले. कळ्या हलल्या नाहीत.

तेव्हा भाईंनी एक वाट काढली. वाईट हेतूने नाही. मृगाआधी गाभारा शाकारायलाच हवा, नाहीतर उरलेले वारूळही पावसात बसेल. ते ह्यांना म्हणाले, "मोठो आता ह्या घरात नाय, असा एकदा तोंडान सांग. मगे मोठो तूच. मान तुजो, आणि पंपय उद्यापासून चालू कर."

गाव ऐकत होता. मीही. हे खाली पाहून म्हणाले, "मोठो मुंबैक आसा. नाय म्हणान कसा सांगू?"

भाईंनी पुन्हा विचारले. ह्यांनी पुन्हा तेच सांगितले. त्यावर ठराव झाला तो असा. पौष पौर्णिमेला, म्हणजे २४ जानेवारीस शनिवारी, पुन्हा कौल लागेल. त्या वेळी घरच्या मोठ्याने स्वतः उभे राहावे. कोणी उभे राहिले नाही तर घराने मान सोडला असे गाव धरील आणि वरच्या वाडीला देईल. तोवर गावाच्या शिवेत पंप चालवायचा नाही.

भावोजी, त्या वैशाखात आपण छपरावर होतात आणि ह्यांनी शिडीपाशी उभे राहून सगळ्यांदेखत ओरडून सांगितले, की दादाचे पाय थरथरतात, त्याला उतरवा, पुढच्या वर्षापासून मी चढतो. लोक हसले. आपण उतरलात, प्रसादाचा नारळ पायरीवर ठेवलात आणि त्याच आठवड्यात आगबोटीने गेलात. धाकट्याने मान मागितला असे आपल्याला वाटले. मलाही चार वर्षे तसेच वाटत होते आणि ह्यांना मी कधी विचारले नाही.

परवा गोठ्यात धार काढताना त्यांनी आपण होऊन सांगितले. मामंजी त्याच छपरावरून पडले तेव्हा आपण मुंबईस गोदीत नोकरीला होतात. शिडी गुरवांच्या गड्याने धरली होती, असे आपल्याला कळवले गेले. ती ह्यांनी धरली होती. वय बारा. मामंजींचे पाय थरथरताना त्यांनी खालून पाहिले होते आणि बोलले नव्हते, कारण देवीच्या शाकारणीच्या वेळी खालच्याने बोलायचे नसते. पुढची वर्षे मामंजी अंथरुणावर होते ती आपण पाहिली आहेत. म्हणून आपले पाय थरथरले तेव्हा हे बोलले. मानासाठी नाही. जे तोंडात आले ते वाकडे आले.

पंप घ्यायचे पहिल्यांदा कधी मनात आले असे मी विचारले. म्हणाले, त्याच वैशाखात. कोणालाच चढावे लागू नये म्हणून. मी सोलांचे आणि सुपारीचे पैसे धंद्यासाठी म्हणून काढून दिले होते.

पंप आज चालू होईल की उद्या, ह्याची मला तितकी काळजी नाही. माणूस खोपीत जाऊन त्या पंपाशेजारी नुसता बसून राहतो, ते पाहवत नाही.

आपण यावे. सत्यवतीचा पदर पसरून नमस्कार.


खाजणवाडी
१२ जानेवारी १९५९

तीर्थरूप भावोजी,

आपले पोस्टकार्ड पोचले. 'मान गावाने कोणासही द्यावा, माझे काही म्हणणे नाही. वारूळ कितपत खचले? भिकाजी.' इतके दिवसांनी आपले अक्षर पाहिले. मामंजींच्या अक्षरासारखे होऊ लागले आहे.

ते मी लपवले नाही. ह्यांनी वाचले, मग उलटून पत्त्याची बाजूही वाचली. नंतर बाजारात गेले ते मिठाबरोबर दोन अंतर्देशीय पत्रे घेऊन आले आणि माझ्या पोथीवर ठेवली. त्यांतलेच हे एक.

आधी आपल्या प्रश्नाचे उत्तर. खांद्याचा भाग, सुपाएवढा, खचला. मुख्य उंचवटा शाबूत आहे. कौलानंतरचे चार दिवसही तसेच होते. पाचव्या दिवशी विठोबांना खचलेल्या कडेवर ओल्या मातीची बारीक कड दिसली, दोऱ्यासारखी. आता ती बोटभर उंच झाली आहे. रोज सकाळी गाव ती पाहून जातो. मी विचारले, की ह्याचा अर्थ आईने क्षमा केली असा घ्यायचा काय. गुरव म्हणाले, "ता माका ठावक नाय. आई आपला घर आपणच बांधता. छप्पर तेवढा लेकरांनी घालूचा."

आता आपल्या पहिल्या वाक्याविषयी. मी मॅट्रिकपर्यंत शिकले तेवढीच, शास्त्र मला ठाऊक नाही. पण ज्याचे काही म्हणणे नसते तो वारूळ कितपत खचले हे विचारीत नाही. आणि मान काही पोस्टकार्डावर सुटत नाही. तो देवीसमोर हातात घेतलेला आहे, सोडायचा तर देवीसमोर सोडावा. आपण येऊन, उभे राहून, 'मला नको' म्हणालात तर मी पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेते आहे. जाऊबाई असत्या तर त्यांनी ह्याहून कडक शब्दांत सुनावले असते, म्हणून त्यांच्या वाट्याचे मी लिहिले असे समजावे.

चढायलाच हवे असे नाही. मी विठोबांना विचारून घेतले आहे. मोठ्याने समोर उभे राहून 'माझ्या जागी हा' एवढे म्हटले तर तसा कौल लावता येईल. मग आई देईल तो कौल. आपल्याला चढावेसे वाटले तर त्यालाही कोणाची ना नाही. मी ह्यांना विचारले, की दादा स्वतः चढतो म्हणाले तर काय कराल. हातातला काथ्याचा पीळ पुरा केला. मग म्हणाले, "त्येका भिया वाटली तर तो सांगात. माका वाटली तर मी सांगीन. इतकी वर्सा दोघांनीय दुसऱ्याचीच भिया बघली."

एवढे लांब वाक्य ते माझ्याशीही बोललेले नाहीत, म्हणून जसेच्या तसे लिहिले आहे.

पंपाची मनाई गावच्या शिवेत आहे, बंदर शिवेबाहेर. बाबलीचा मचवा तळ धुवायला वाळूवर ओढायचा आहे. हे काम कोणत्याही दिवशी झाले असते, पण ह्यांनी बाबलीकडून गुरुवार, २२ तारीख मागून घेतली आहे. त्या दिवशी मुंबईची आगबोट लागते. बाबली मला म्हणाला, "वैनी, गुरुवारी भरती आसा, मचवो वाळूर थारूचो नाय, ह्या त्येका कळणा नाय?" मी म्हटले, कळते. मग तोही मचवा गुरुवारीच धुऊ म्हणाला.

तेव्हा आपण आलात तरी हे बंदरावर असतील, न आलात तरी असतील. धोंडू आणि यशोदाही दांड्यावर असतील. ती दोघे पुन्हा भांडू लागली आहेत, ही बरी खूण आहे. आगबोटीतून पडावात उतरताना पायऱ्या ओल्या असतात, घाई करू नये. सामान पुष्कळ असल्यास धोंडू उचलील. पुष्कळ असावे अशी माझी इच्छा आहे, पण ती मी उघड बोलत नाही.

घराची मधली खोली सारवून घेतली आहे. जुनी घोंगडी उन्हात घातली. आपल्याला आंबोळ्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ आवडते असे जाऊबाई सांगत. वाटाणे घरचेच आहेत. मात्र आंबोळ्यांचे तांदूळ आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात, आणि महागाईत पीठ फुकट आंबवून ठेवणे मला जमणार नाही. तांदूळ दोघांचे भिजवायचे की तिघांचे, तेवढे उलट टपाली कळवावे.

सत्यवती